नवे मराठी पुस्तक वाचकाला सापडावे कसे?

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयात गेल्या पावसाळ्यात अकरावीतील एक मुलगी आली आणि देवघेवीच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "काकू, आत्ताचं काहीतरी द्या ना. आत्ताच्या माणसांनी लिहिलेलं." मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि शनिवारी संध्याकाळी दोन तास टेबलावर बसते. उठून मी कथासंग्रहांच्या कपाटाकडे गेले. वरच्या दोन खणांतील पुस्तके माझ्या आईच्या पिढीने वाचलेली होती, तिसऱ्यातील माझ्या. गेल्या दहा वर्षांतील म्हणता येतील अशी सात पुस्तके खालच्या खणात मिळाली. त्यांपैकी दोन संग्रहांच्या शेवटच्या पानावरील तारखेची पट्टी कोरी होती. ती पुस्तके चार वर्षे आमच्याकडे होती आणि एकदाही कोणाच्या घरी गेली नव्हती. मीही ती वाचलेली नव्हती, त्यामुळे त्यांत काय आहे हे मला त्या मुलीला सांगता आले नाही, आणि शेवटी तिच्या हाती मी माझ्या ओळखीचा, पन्नास वर्षांपूर्वीचा एक कथासंग्रह ठेवला. ती तो घेऊन गेली, पण तिने मागितले होते ते हे नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळले होते.

मराठीत हल्ली वाचण्यासारखे काही लिहिले जात नाही, ही तक्रार मी लग्नाच्या पंगतीत ऐकते, शिक्षकांच्या खोलीत ऐकते आणि साहित्य संमेलनाच्या मांडवातही ऐकते. ही तक्रार खरी नाही. खरी अडचण अशी आहे की लिहिले गेलेले पुस्तक ज्याला हवे आहे त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपण मोडू दिली, आणि त्या वाटेची डागडुजी हे प्रत्येक वाचकाचे खासगी काम आहे असे मानून मोकळे झालो. माझे म्हणणे असे की हे सार्वजनिक काम आहे, आणि त्याची सुरुवात पुस्तकांची निवड करण्यापासून नव्हे, तर त्यांची नीट नोंद ठेवण्यापासून व्हायला हवी.

लिहिले जाते आहे याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची अलीकडची यादी काढून पाहावी. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'मध्ये मराठवाड्यातील आजचे गाव आहे. त्यातले राजकारण, शेती आणि जात यांची गुंतागुंत जुन्या ग्रामीण कथेच्या मापात मावणारी नाही. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये धरणामुळे उठलेली माणसे आहेत आणि मागे राहिलेल्या म्हशीचा शोध आहे. नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी नजीकच्या भविष्यात घडते, आणि ती वाचताना ते भविष्य आपल्या उंबऱ्याशी येऊन ठेपल्यासारखे वाटते. किरण गुरव यांच्या कथा, अनुराधा पाटील यांची कविता, प्रवीण बांदेकर यांची कादंबरी यांना एकच एक 'मराठी वळण' नाही. प्रत्येकाची भाषा, भूगोल आणि घडण वेगळी आहे. ज्या भाषेत दहा वर्षांच्या आत इतके वेगवेगळे लिहिले गेले, त्या भाषेत काही लिहिले जात नाही असे म्हणणे हा त्या लेखकांवर अन्याय आहे.

पण हीच यादी आपल्या अडचणीचेही दर्शन घडवते. २०१६ ते २०२४ या नऊ वर्षांत या मुख्य पुरस्काराची नऊ पुस्तके झाली: तीन कादंबऱ्या, दोन कथासंग्रह, दोन कवितासंग्रह आणि समीक्षेची दोन. नाटक नाही, प्रवासवर्णन नाही, आत्मकथन नाही, ललितगद्य नाही. यात परीक्षकांना दोष देण्याचे कारण नाही, कारण वर्षाला एक पुस्तक निवडणारा पुरस्कार हा गौरव असतो, त्याला पुस्तकांच्या बाजाराचा नकाशा म्हणून वापरणे ही आपली चूक आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत ३५ प्रकार आहेत, प्रौढ वाङ्मय, बालवाङ्मय आणि प्रथम प्रकाशन असे त्यांचे विभाग आहेत, आणि ही रुंदी कौतुकास्पद आहे. मात्र ते जाहीर होतात तेव्हा वृत्तपत्रात छापून येते ती नावे आणि रकमा. त्या पुस्तकात काय आहे, ते कोणत्या वाचकाने हाती घ्यावे, हे सांगणारी चार वाक्ये त्या नावांसोबत कधी येत नाहीत.

पूर्वी ही चार वाक्ये सांगणारी ठिकाणे होती. १९६४ पासून 'ललित'सारखे मासिक केवळ पुस्तकांविषयी लिहीत आले. १९७४ साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने स्वतःला प्रकाशन संस्था म्हणण्याऐवजी वाचक चळवळ म्हटले आणि 'बलुतं'सारखे पुस्तक, जे रूढ प्रकारांच्या कोणत्याच चौकटीत बसत नव्हते, ते वाचकांपर्यंत नेले. रविवारच्या पुरवणीत पुस्तकांना पान होते. आज ते पान पाव पानावर आले आहे आणि तिथेही बऱ्याचदा ब्लर्बच, म्हणजे मलपृष्ठावरचा परिचयच, थोडा फिरवून छापलेला असतो. ऑनलाइन दुकानांनी पुस्तक घरपोच आणून देण्याची मोठी सोय केली, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याचे नाव ठाऊक आहे ते पुस्तक तिथे मिळते, आणि नाव ठाऊक नसेल तर जे आधीच सर्वाधिक खपते तेच समोर येते. 'मराठी पुस्तके' असे शोधले की यशाचे मंत्र सांगणारे अनुवाद आणि चाळीस-पन्नास वर्षे खपत आलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या यांच्याखाली नवा लेखक गाडला जातो.

साहित्यप्रकाराचा प्रश्न इथे विशेष महत्त्वाचा आहे, कारण वाचक पुस्तकाकडे बहुधा प्रकाराच्या बोटाला धरून येतो. माझ्या वडिलांच्या पिढीतील असंख्य माणसे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमुळे वाचायला लागली. रहस्यकथा कुठे मिळते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. विज्ञानकथेला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने दार उघडून दिले. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी स्वतःची ओळख लपवून 'नारायण विनायक जगताप' या नावाने त्या स्पर्धेत कथा पाठवली होती, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. पण तिच्यातला महत्त्वाचा भाग असा की तशी कथा पाठवायला एक ठिकाण होते आणि तशी कथा वाचायची असेल तर कुठे पाहावे हे वाचकालाही कळत होते. आज मराठीत विज्ञानकथा, गूढकथा, रहस्यकथा लिहिणारे तरुण आहेत, हे मला दिवाळी अंकांवरून कळते. त्यांच्या प्रकाराची पाटी मात्र कोणत्याही दारावर उरलेली नाही.

दिवाळी अंकांचे नाव निघाले म्हणून त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहिते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आपल्या अभिमानाची आहे आणि आजही नवी मराठी कथा मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथेच छापली जाते. आमच्या वाचनालयात नोव्हेंबरात दिवाळी अंक योजना सुरू होते. सभासद वेगळी वर्गणी भरतात, अंक हातोहात फिरतात, कोपरे दुमडतात, चहाचे डाग पडतात, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास ते अंक सुतळीने बांधून माळ्यावर चढवले जातात; पुढच्या वर्षी जागा लागली की रद्दीत जातात. त्या गठ्ठ्यांत कोणाच्या कोणत्या कथा होत्या, याची नोंद आमच्याकडे नाही, शेजारच्या वाचनालयाकडे नाही. एखाद्या नव्या लेखिकेच्या चार उत्तम कथा चार वेगवेगळ्या अंकांत चार वर्षांत आल्या, तर तिचा संग्रह निघेपर्यंत त्या कथा असून नसल्यासारख्याच असतात, आणि संग्रह निघण्यासाठी तिचे नाव कोणाला तरी ठाऊक असावे लागते. मराठी कथेचा मोठा साठा आपण दरवर्षी स्वतःच्या हाताने वजनावर विकतो, हे मला फार लागते.

पुस्तकांची स्थिती याहून बरी आहे, पण थोडीच. आमच्या दाखल नोंदवहीत 'प्रकार' नावाचा एक रकाना आहे आणि त्यात एकच शब्द मावतो. कथा, कादंबरी, कविता, नाटक, चरित्र, प्रवास, बालसाहित्य, धार्मिक; आणि यांत जे बसत नाही ते 'संकीर्ण'. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत जे सर्वांत जिवंत गद्य लिहिले गेले त्यातले बरेचसे आज या संकीर्णाच्या कपाटात आहे. ऊसतोडणीच्या फडांवर फिरून लिहिलेले एक रिपोर्ताजवजा पुस्तक मला 'शेती' या विभागात, खतांच्या पुस्तकांमध्ये सापडले. चित्रपटांविषयीचे ललित निबंध 'संकीर्ण'मध्ये होते. एका शहराचा इतिहास, स्वतःच्या कुटुंबाची हकीकत आणि नकाशे असे सगळे एकत्र गुंफलेले पुस्तक तीन वर्षांत तीन कपाटांतून फिरले. ग्रंथपालाचा यात अपराध नाही. नोंदवहीचा रकाना ज्या काळात आखला गेला त्या काळातले साहित्यप्रकार त्यात आहेत. साहित्य पुढे गेले आणि रकाना तिथेच राहिला. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झाले, तेव्हा तिथल्या घरांमध्ये साहित्यप्रकारांनुसार पुस्तके मांडली गेली, कोणाच्या ओसरीवर कविता तर कोणाच्या घरात चरित्रे. लोक आपापल्या आवडीचे घर शोधत गल्लीतून चालत जातात. प्रकाराची पाटी वाचकाला किती मदत करते हे तिथे डोळ्यांनी दिसते.

आता नोंदीच्या मूळ प्रश्नाकडे येते. १८६७ च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत महिन्याभरात सरकारकडे जमा करावी लागे आणि त्याची नोंद एका सूचीत होई. त्या नोंदीत पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पृष्ठे, आकार, आवृत्ती, किंमत आणि किती प्रती छापल्या हेसुद्धा लिहायचे असे, आणि दर तिमाहीला ती सूची राजपत्रात प्रसिद्ध करायची असे. या कायद्यामागे परक्या सरकारचा संशय होता, कोण काय छापतो यावर डोळा ठेवण्याचा हेतू होता, हे खरेच. तरीही त्याच्या हातून एक सूची तयार होत होती. पुढे शंकर गणेश दाते या माणसाने मराठी ग्रंथसूचीचे जे काम केले, त्याला तोड नाही. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४४ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळातील १९६१ मध्ये प्रसिद्ध केली, विषयवार लावून. त्यांच्यानंतरही काही निष्ठावंत सूचीकारांनी हे काम पुढे नेण्यासाठी आयुष्ये वेचली. पण ते नेहमी मागच्या काळाचे काम राहिले. चालू वर्षाची मराठी पुस्तके कोणती, हे सांगणारे एक ठिकाण आजच्या वाचकाला ठाऊक नाही.

आणि या दरम्यान कायदा बदलला. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नवा नोंदणी कायदा फक्त नियतकालिकांसाठी आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली. १९५४ चा कायदा शिल्लक आहे, त्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतील एक धरून आणखी तीन ठरावीक ग्रंथालये यांना पुस्तकाची प्रत द्यायची असते. किती प्रकाशक त्या प्रती पाठवतात हे प्रकाशकांनी स्वतःच्या मनाला विचारावे. स्वखर्चाने संग्रह छापणाऱ्या खेड्यातील कवीला तर असा कायदा आहे हेच कोणी सांगितलेले नसते. परके सरकार संशयाने जी नोंद ठेवत होते ती आपल्या सरकारने आस्थेने ठेवायला काय हरकत आहे, हा माझा साधा प्रश्न आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा दोन हजार वर्षांच्या पुराव्यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. मात्र ज्या भाषेला आपले गेल्या वर्षीचे कवितासंग्रह मोजता येत नाहीत तिच्या थोरवीचे पुरावे पुढच्या पिढ्या कुठून गोळा करणार, याचाही विचार त्याच सभांमध्ये व्हायला हवा होता.

एक हिशेब मला अस्वस्थ करतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या घरात आहे. एकेकाळी मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे; आता नव्या लेखकाचा कथासंग्रह तीनशे-पाचशे प्रतींचा निघतो आणि त्या संपायला वर्षे जातात. दर वीस ग्रंथालयांपैकी एकाने जरी एक प्रत घेतली असती तर पाचशेची आवृत्ती तिथेच संपली असती. ती संपत नाही याचे कारण फक्त पैशांत नाही, पण पैशांतही आहे. दहा वर्षांच्या खंडानंतर शासनाचे अनुदान ६० टक्क्यांनी वाढले, तरी त्या वाढीनंतर सर्वांत खालच्या 'ड' वर्गातील ग्रंथालयाला वर्षाला मिळू लागले ४८ हजार रुपये, म्हणजे महिन्याला चार हजार, आणि त्यातच कर्मचाऱ्याचे मानधन, वृत्तपत्रे, वीजबिल आणि ग्रंथखरेदी. मार्च जवळ आला की खरेदीची घाई होते. तेव्हा दारात येतो तो पुरवठादार, जो छापील किमतीवर भरघोस सूट देतो आणि गठ्ठ्याने पुस्तके देतो. त्या गठ्ठ्यात काय आहे हे तोच ठरवतो. ग्रंथालयांना विकण्यासाठीच छापलेली, किंमत फुगवलेली, कोणी न वाचणारी पुस्तके अशा रीतीने कपाटे भरतात. शासनाची मान्यताप्राप्त यादी असते, पण ती लांबलचक नावांची यादी असते. ज्याला काहीच माहिती नाही तो सूट पाहून खरेदी करणार, यात नवल नाही. आमच्या समितीनेही अनेक वर्षे तेच केले आणि त्या खरेदीच्या ठरावांवर माझीही सही आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की शोधणे हा वाचनाचाच आनंद आहे. फूटपाथवरच्या ढिगातून पुस्तक उपसून काढण्याची जी गोडी आहे ती सूचीत नाही. मुंबईच्या किंवा पुण्याच्या वाचकापुरते हे खरे आहे. ज्याच्या तालुक्यात पुस्तकांचे एकही दुकान नाही, ज्या दुकानात 'पुस्तके' म्हणजे गाइड आणि स्पर्धापरीक्षांची तयारी, त्याला हा आनंद कुठून मिळणार? इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी इथल्या मराठी वाचकांचीही तीच गत आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेच्या पेट्या परदेशातील मराठी घरांपर्यंत गेल्या आणि लोकांनी त्या आवडीने फिरवल्या. कोणीतरी विचारपूर्वक पेटी भरून पाठवली की माणसे वाचतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. सरकारच्या हाती यादी दिली की तिची चाळणी होते. २०२२ च्या डिसेंबरात एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार काही दिवसांतच रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त केली गेली, हे आपण पाहिले आहे. म्हणूनच मी निवडीची मागणी करत नाही. नोंद आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. जन्ममृत्यूच्या नोंदवहीत कोणाचे मूल गुणी आहे हे लिहीत नाहीत. छापलेले प्रत्येक मराठी पुस्तक, मग ते प्रकाशकाचे असो की स्वखर्चाने काढलेले, छापील असो, किंडलवरचे असो की श्राव्य, त्याची नोंद कोणालाही पाहता येईल अशा एका ठिकाणी दर महिन्याला व्हावी. त्यात प्रकारांचे एकाहून अधिक शब्द टाकण्याची मोकळीक असावी, म्हणजे ऊसतोडीवरचे पुस्तक 'रिपोर्ताज', 'शेती', 'मराठवाडा' अशा तिन्ही दारांतून सापडेल. दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका त्यात चढाव्यात. हे काम राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने करावे की विद्यापीठांच्या मराठी विभागांनी वाटून घ्यावे, यावर मतभेद होऊ शकतात. मला विद्यापीठांचा पर्याय अधिक भरवशाचा वाटतो, कारण तिथे दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि त्यांना हे काम करता करता आपले समकालीन साहित्य ओळखीचे होईल. निवड मात्र ज्याने पुस्तक वाचले आहे त्याची असावी, त्याच्या नावानिशी, आणि ती एकाची नसून अनेकांची असावी.

त्या अकरावीतील मुलीनंतर आम्ही आमच्यापुरते एक केले. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला जे छोटे कपाट होते, त्यातील जुने विश्वकोश आत हलवले आणि तिथे फक्त गेल्या दहा वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेली पुस्तके ठेवली, सर्व प्रकारांची सरमिसळ करून: कवितेशेजारी नाटक, त्याच्याशेजारी किशोरांसाठीची कादंबरी, मग प्रवास, मग अनुवाद. प्रत्येक पुस्तकात पोस्टकार्डाएवढा एक कागद घातला. नियम एकच आहे की ज्याने पुस्तक पूर्ण वाचले त्यानेच त्या कागदावर लिहायचे, चार ओळींत, आणि खाली नाव घालायचे. आवडले नाही तर तसेही लिहायचे. सुरुवातीला मीच लिहीत होते. मग टपाल कार्यालयातील एक निवृत्त गृहस्थ लिहू लागले, मग प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका. मार्चची खरेदी या वेळी समितीने गठ्ठ्याने केली नाही; सभासदांनी दिलेल्या नावांवरून छत्तीस पुस्तके मागवली आणि सूट कमी मिळाली ती मान्य केली.

कोरी पट्टी असलेल्या त्या दोन संग्रहांपैकी एक मी त्याच आठवड्यात घरी नेऊन वाचला आणि त्यात कागद घातला. त्या मुलीने तो जानेवारीत नेला. माझ्या चार ओळींखाली तिने लिहिले आहे की तिसऱ्या कथेतील एसटी स्टँड तिच्या गावच्या स्टँडसारखाच आहे, पण शेवट तिला पटला नाही, आणि या लेखकाचे दुसरे पुस्तक असल्यास मागवावे. दुसरे पुस्तक आहे की नाही हे शोधायला मला तीन आठवडे आणि दोन प्रकाशकांना सात फोन करावे लागले.